वजन जास्त असेल तर गर्भनिरोधक कोणतं? आधी बीपी मोजा, मग बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३३, उंची १५६ सेंमी, वजन ९२ किलो. ५ वर्षांचा मुलगा, सिझर झालेलं. पीसीओडीमुळे पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. चेहऱ्यावरच्या केसांसाठी आणि पाळी नियमित व्हावी म्हणून ४ महिन्यांपूर्वी गोळ्या सुरू झाल्या, त्याच गर्भनिरोधक म्हणूनही चालतील असं सांगितलं गेलं. आता मैत्रीण म्हणते, जाड बायकांना गोळ्या लागूच पडत नाहीत. नणंद म्हणते, रक्ताची गुठळी होते. दुसरं मूल इतक्यात नको, पण कायमचं ऑपरेशनही नको. काय करावं?

ताई, मैत्रिणीचं म्हणणं थोडंसं खरं आहे, नणंदेचं बरंच खरं आहे. पण दोघींच्या बोलण्यातून "मग काहीच नको" असा निष्कर्ष काढू नका. वजन जास्त असलेल्या बाईला सगळ्यात धोक्याचं गर्भनिरोधक कुठलं असेल तर ते म्हणजे कुठलंच नसणं. नको असताना राहिलेल्या गरोदरपणात मधुमेह, वाढलेलं बीपी, झटके, पुन्हा सिझर आणि बाळंतपणानंतर पायात गुठळी, हे सगळं तुमच्या वजनाला गोळीपेक्षा कितीतरी जड जातं. इथून पुढचं सगळं या एका गोष्टीच्या संदर्भात वाचा.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३७.८ येतो. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण भारतीय शरीरात कमी वजनालाही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. गर्भनिरोधकांचे नियम मात्र ३० आणि ३५ या आकड्यांवर बांधलेले आहेत. त्यामुळे २६-२७ बीएमआय असलेल्या आणि "मी लठ्ठ आहे, मला गोळी चालेल का" असं विचारणाऱ्या बहुतेक जणींना, बाकी तब्येत ठीक असेल तर, वजनासाठी गोळी नाकारायचं कारण नसतं. तुमचं तसं नाही. तुम्ही ३५ च्या पुढे आहात.

आधी मैत्रिणीचा मुद्दा. गोळीतलं हार्मोन जाड शरीरात वेगळं वागतं हे खरं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीत डॉ. अ‍ॅलिसन एडलमन यांच्या गटाने लठ्ठ स्त्रियांच्या रक्तातली लेव्होनॉरजेस्ट्रेल या गोळीतल्या हार्मोनची पातळी मोजली. नेहमीच्या वजनाच्या स्त्रीत औषध साधारण ५ दिवसांत स्थिर पातळीला येतं, लठ्ठ स्त्रीत त्याला १० दिवसांच्या आसपास लागले. म्हणजे ७ दिवसांची सुट्टी घेऊन नवं पाकीट सुरू केलं की अंडाशय काही दिवस जवळजवळ मोकळं असतं. तरीही प्रत्यक्षात दिवस राहण्याचं प्रमाण पाहिलं तर फरक फार कमी दिसतो. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बहुतेक अभ्यासांत वजन आणि गोळी फसण्याचा ठाम संबंध आढळला नाही.

गोळी फसते ती मुख्यतः विसरल्यामुळे. न चुकता घेतली तर वर्षाला हजारातल्या ३ जणींना दिवस राहतात. प्रत्यक्षात बायका जशा घेतात, म्हणजे माहेरी गेल्यावर पाकीट घरी राहिलं, मुलाच्या तापात दोन दिवस विसरलं, तशी घेतली तर १०० पैकी ७ जणींना. या ७ च्या आकड्यापुढे वजनाचा फरक किरकोळ आहे. ज्यांचा बीएमआय ३० च्या आसपास आहे आणि गोळी चालण्यासारखी आहे, त्यांना मी सुट्टीचे दिवस कमी करायला सांगते: ७ ऐवजी ४, किंवा पाकिटाला पाकीट लावून सलग. सलग घेतल्याने काही साठत नाही. गोळ्यांच्या सुट्टीत येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसतेच, त्यामुळे तो चुकला तर "घाण आत राहिली" असंही काही होत नाही.

आता नणंदेचा मुद्दा, आणि इथे जरा थांबू. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत दोन हार्मोन्स असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. गुठळीला मुख्यतः इस्ट्रोजेन कारण आहे. ते यकृताकडून रक्त गोठवणारे घटक जास्त बनवून घेतं. लठ्ठपणानेही रक्त गोठण्याकडे झुकतं, शिवाय पोटाच्या वजनाने पायांतल्या शिरांवर दाब येतो. दोन्ही एकत्र आले की धोका नुसता बेरजेने वाढत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेचे आकडे असे: गोळी न घेणाऱ्या १०,००० तरुण स्त्रियांपैकी वर्षाला २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. ड्रोस्पायरेनोन, डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन ही दुसरी प्रोजेस्टिन्स असलेल्या गोळ्यांत ९ ते १२ जणींना. हे सर्व वजनांच्या स्त्रियांचे आकडे आहेत. लठ्ठपणाने मुळातला धोका दुपटी-तिपटीने वाढतो, आणि त्यावर गोळी आली की ढोबळमानाने हजारात एक-दोन जणींपर्यंत किंवा थोडा वर जातो. गरोदरपणात हाच आकडा १०,००० मागे ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ४० ते ६५ च्या घरात असतो, तोही सर्व वजनांच्या स्त्रियांचा. सुरुवातीला मी बिनगर्भनिरोधकाची काळजी बोलून दाखवली ती यामुळे.

तुम्ही गोळीचं नाव लिहिलेलं नाही, पण केसांसाठी दिली म्हणजे बहुधा सायप्रोटेरोन नाहीतर ड्रोस्पायरेनोनची असणार. पाकिटामागे घटक छापलेले असतात, बघा. पीसीओडी म्हटलं की या गोळ्या लिहायची आपल्याकडे सवयच पडून गेली आहे. केसांसाठी आणि पुरळासाठी त्यांचा उपयोग होतो हे नाकारत नाही. पण सायप्रोटेरोनच्या गोळीत गुठळीचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीच्या दीडपट ते दुप्पट आहे. म्हणजे ज्यांना पीसीओडीसोबत हमखास वजन असतं, त्यांच्याच हातात तुलनेने जास्त गुठळी करणारी गोळी पडते. गंमत अशी की सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन, जिच्याकडे शहरातल्या बायका नाक मुरडतात, ती लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी आहे. गुठळीच्या हिशेबात ती या महागड्या पाकिटांपेक्षा बरी. "भारी गोळी" म्हणजे सुरक्षित गोळी असं समीकरण नाही.

तुमच्या बीएमआयला इस्ट्रोजेनची गोळी चालते का, यावर मार्गदर्शक तत्त्वांतच फरक आहे. जागतिक आरोग्य संघटना ३० च्या पुढच्या सगळ्यांना दुसऱ्या वर्गात ठेवते, म्हणजे फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त. ब्रिटनमध्ये ३५ च्या पुढे तिसरा वर्ग, म्हणजे धोका सहसा फायद्यापेक्षा जास्त, दुसरा पर्याय असेल तर तोच द्या. मी ब्रिटनच्या बाजूने आहे. जिथे दुसरं काहीच मिळत नाही अशा ठिकाणाचा विचारही जागतिक संघटनेला करावा लागतो. तुम्हाला दुसरे पर्याय मिळतात, तेही जास्त खात्रीचे.

आणि वजनापेक्षाही मोठा प्रश्न बीपीचा आहे. तुमच्या प्रश्नात बीपीचा आकडा कुठेच नाही, म्हणजे गोळी लिहिताना ते मोजलं गेलं की नाही कोण जाणे. इस्ट्रोजेनची गोळी सुरू करायला आतली तपासणी लागत नाही, ढीगभर रक्ततपासण्या लागत नाहीत. बीपी मात्र लागतंच. वरचं १४० किंवा खालचं ९० याच्या पुढे गेलं की इस्ट्रोजेन टाळायचं. १६० किंवा १०० च्या पुढे गेलं तर द्यायचंच नाही. दंड जाड असेल तर नेहमीचा पट्टा बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून दंडाचा घेर ३२ सेंमीच्या वर असल्यास मोठा पट्टा मागा. काही दवाखान्यांत तो कपाटात पडून असतो, मागितल्याशिवाय निघत नाही.

बीपीखेरीज आणखी काही गोष्टींची उत्तरं स्वतःलाच द्या. डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा येतात का, किंवा अर्ध्या अंगाला मुंग्या येतात का? अशी मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन कोणत्याही वयात, कोणत्याही वजनात नको. तुम्हाला, आईला किंवा बहिणीला कधी पायात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती का? तंबाखू, सिगारेट? मिश्रीबद्दलही विचारते, कारण बायका तिला तंबाखूत धरत नाहीत. मधुमेह, कोलेस्टेरॉल? यातलं एखादं जरी वजनासोबत जोडलं गेलं तर इस्ट्रोजेनचा विषय मी तिथेच बंद करते.

मग आज रात्रीची गोळी घ्यायची की नाही? खालची लक्षणं नसतील, वरच्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर "हो" नसेल, तर घाबरून मधेच सोडू नका. याच आठवड्यात बीपी मोजून घ्या आणि पर्याय ठरवून मग बदला. गुठळीचा धोका गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, आणि महिनाभर सोडून पुन्हा सुरू केली की तो नव्याने वर येतो. "दोन महिने घेतली, दोन महिने आराम दिला" ही पद्धत म्हणूनच वाईट. उत्तर "हो" असेल, तर गोळी थांबवा, निरोध वापरा आणि उद्याच डॉक्टरांना भेटा.

एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, आधी कधी झालं नाही असं डोकं ठणकू लागलं, नजर धूसर झाली किंवा झटका आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि पहिलं वाक्य "मी गर्भनिरोधक गोळ्या घेते" हे बोला. मेंदूच्या शिरेतली गुठळी आपल्याकडे तरुण बायकांत दिसते, आणि सुरुवातीला ती अ‍ॅसिडिटीची डोकेदुखी समजून घरी सहन केली जाते.

गुठळीवरूनच एक जोड. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गणपती, लग्न, सत्यनारायण, वारी, काही निघालं की मेडिकलमधून नॉरएथिस्टेरोनचं पाकीट येतं आणि दिवसाला तीन गोळ्या सुरू होतात. ती गर्भनिरोधकही नाही आणि निरुपद्रवीही नाही. या मोठ्या डोसमध्ये नॉरएथिस्टेरोनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, जवळजवळ एका गर्भनिरोधक गोळीइतका. म्हणजे जिला मी वजनासाठी इस्ट्रोजेन नाकारलं, ती सणाला तेच मागच्या दाराने घेते. अशी गरज पडलीच तर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हा तुलनेने बरा पर्याय आहे, पण तोही विचारून. माझं खासगी मत विचाराल तर पाळी आली म्हणून देव उठून जात नाही. पण घरात वादाची तयारी सगळ्यांची नसते, हेही मला कळतं.

आता तुमच्यासाठी मी काय निवडेन. तांबी. दोन प्रकारांतली एक.

साधी तांबी, कॉपर-टी ३८०ए, सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात आणि १० वर्षं चालते. तिच्यात हार्मोन नाही. गर्भपिशवीत राहून तांब्याच्या परिणामाने ती शुक्रजंतू निकामी करते, त्यामुळे तुमचं वजन ५२ असो की ९२, तिला काही फरक पडत नाही. वर्षाला १०० त एकीपेक्षा कमी जणींना दिवस राहतात. सिझर झालेलं असलं तरी चालते. उणी बाजू रक्तस्रावाची: पहिले काही महिने पाळीला जास्त जातं, पोटात कळा येतात. हिमोग्लोबिन आधीच ९ असेल किंवा पाळीला गाठी पडत असतील तर ती माझी पहिली निवड नाही.

दुसरी हार्मोनची तांबी. बायका तिला मिरेना म्हणतात, तशी भारतीय कंपन्यांचीही मिळते. तिच्यातलं लेव्होनॉरजेस्ट्रेल मुख्यतः पिशवीतच काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं आणि इस्ट्रोजेन तिच्यात अजिबात नाही. ५ वर्षांसाठी बसवतात. अमेरिकेत तर याच ५२ मिलिग्रॅमच्या तांबीला ८ वर्षांची मान्यता आहे. फसण्याचं प्रमाण हजारात १ ते ४. तुमच्याकरता मी हिच्याकडे झुकते याचं कारण गर्भनिरोधापलीकडचं आहे. चरबीच्या पेशी स्वतः इस्ट्रोजेन बनवतात. पीसीओडीत बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून त्या इस्ट्रोजेनला तोलणारं प्रोजेस्टेरॉन शरीरात तयार होत नाही. पिशवीचं अस्तर महिनोन्‌महिने जाड होत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं की त्यात हायपरप्लेसिया, म्हणजे पेशींची नको तितकी वाढ, आणि काही जणींत पुढे कॅन्सर होतो, चाळिशीच्या आतही. हार्मोनची तांबी अस्तर पातळ ठेवते. हायपरप्लेसियावरचा उपचार म्हणूनही तीच बसवतात. म्हणजे "पाळी दोन महिन्यांनी येते" या तुमच्या अर्ध्या तक्रारीचा जो खरा धोका आहे, तो ती सांभाळते.

तिच्याने काय होत नाही हेही ऐका. चेहऱ्यावरचे केस कमी होणार नाहीत. त्यासाठी लेसर आहे, वरून लावायची औषधं आहेत. स्पायरोनोलॅक्टोन ही गोळीही आहे, पण ती घेताना दिवस राहिले तर मुलगा असलेल्या गर्भावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तिच्यासोबत पक्कं गर्भनिरोधक असावंच लागतं. आणि पाळी नियमित होणार नाही, उलट पहिले ३ ते ६ महिने थोडं थोडं डाग लागल्यासारखं जात राहील, मग पाळी खूप कमी होईल किंवा बंद होईल. हे आधी न सांगता बसवलेली तांबी बाई तिसऱ्या महिन्यात काढायला घेऊन येते. बंद झालेली पाळी म्हणजे पाळी जाणं नव्हे. तांबी काढली की पुन्हा सुरू होते, मूलही होतं.

"तुमच्या वजनात तांबी बसवता येत नाही" असं कुणी म्हणालं तर डॉक्टर बदला. काम थोडं जास्त वेळाचं असतं एवढंच: आतून तपासायचं उपकरण, स्पेक्युलम, लांब लागतं, पिशवीचा कल हाताला नीट कळत नाही म्हणून सोनोग्राफी शेजारी असलेली बरी. बसवण्याआधी तुमच्या बाबतीत अस्तराची जाडी पाहून घ्यावी, आणि मधेच फार रक्तस्राव होत असेल तर अस्तराचा तुकडाही तपासावा.

तांबी नकोच असेल तर दंडात बसवायची बारीक कांडी, इम्प्लांट, हा पर्याय आहे. ३ वर्षं चालते, फसण्याचं प्रमाण हजारात एकीच्या आसपास. जाड स्त्रियांत ती लवकर संपते अशी भीती होती. अमेरिकेत सेंट लुईस इथे ९,००० हून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, त्यात लठ्ठ स्त्रियांतही इम्प्लांट जास्त फसलं नाही. त्याच अभ्यासात गोळी, कातडीवर चिकटवायचा हार्मोनचा पॅच आणि योनीत ठेवायची रिंग वापरणाऱ्यांना दिवस राहण्याचा धोका तांबी किंवा इम्प्लांटवाल्यांच्या २० पट निघाला. सरकारी कार्यक्रमात इम्प्लांट अलीकडेच आणि निवडक जिल्ह्यांत आलंय, तेव्हा तुमच्याकडे आहे का हे जिल्हा रुग्णालयात विचारावं लागेल.

अंतरा, म्हणजे ३ महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, वजनाने फसत नाही. पण काहींचं वजन त्याने वाढतं. पहिल्या ६ महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर पुढेही वाढतच जाण्याची शक्यता मोठी. तुमच्यासाठी ही मर्यादा साडेचार किलोची. गोळीवर मात्र वजन वाढवल्याचा आळ उगाच आहे, तसा ठोस पुरावा नाही. शिवाय अंतरा थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, आणि दुसरं मूल तुम्हाला पुढेमागे हवं आहे. बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल असं दोन-तीन एकत्र असेल तर तेही नको. म्हणून अंतरा तुमच्या यादीत खाली.

आशाताई छाया गोळी देतील. लखनौच्या सीडीआरआय संस्थेत शोधलेली, बिनहार्मोनची, पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा. गोळी चांगली आहे, पण पीसीओडी असलेल्यांना ती देऊ नये असं सरकारच्या सूचनांतच आहे. तुमच्यासाठी नाही.

तांबी बसेपर्यंत काय, याचं उत्तर प्रोजेस्टिनचीच गोळी, डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम. इस्ट्रोजेन नाही, वजनाची अट नाही, रोज एकाच वेळी घ्यायची, सुट्टी नाही.

आता इमर्जन्सी गोळी, "७२ तासांवाली". इथे मात्र वजनाने खरोखर फरक पडतो, आणि जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. ही गोळी बीज सुटणं लांबवते, बाकी काही करत नाही. एडिंबरोच्या डॉ. अ‍ॅना ग्लेझियर यांनी २०११ मध्ये दाखवलं की लेव्होनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गोळी घेऊनही दिवस राहण्याचा धोका लठ्ठ स्त्रियांत चौपटीच्या आसपास होता. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या एका ब्रँडच्या कागदावर छापलं गेलं की ७५ किलोच्या पुढे परिणाम कमी होतो आणि ८० च्या पुढे होत नाही. पुढच्या वर्षी युरोपच्या नियामक संस्थेने पुरावा अपुरा म्हणून ते वाक्य काढायला लावलं. मग दोन गोळ्या एकदम घ्या, असा उपाय पुढे आला. लठ्ठ स्त्रीच्या रक्तात औषधाची पातळी निम्मी भरते, ती दुप्पट डोसने भरून निघते. कागदावर छान. पण एडलमन यांनी २०२२ मध्ये हाच दुप्पट डोस लठ्ठ स्त्रियांत तपासला, तेव्हा बीज लांबवण्यात एका गोळीपेक्षा काही जास्त साधलं नाही. ब्रिटनचं मार्गदर्शन ७० किलो किंवा बीएमआय २६ च्या पुढे युलिप्रिस्टल ही दुसऱ्या औषधाची इमर्जन्सी गोळी किंवा दुप्पट डोस सुचवतं. युलिप्रिस्टल आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही, आणि ८५ किलोच्या पुढे त्याचाही भरवसा कमी होतो.

तेव्हा ९२ किलोला खात्रीचा उपाय एकच: निरोध फाटल्यापासून ५ दिवसांच्या आत साधी, तांब्याची तांबी. वजनाशी संबंध नाही, ९९ टक्क्यांहून जास्त खात्री, आणि नंतर १० वर्षं राहू देता येते. ते शक्यच नसेल तर गोळी घ्या, घेऊन धोका नाही, पण ३ आठवड्यांनी लघवीची तपासणी करा. पीसीओडीवाल्यांनी तर नक्की, कारण "माझी पाळी अशीच लांबते" म्हणत चौथा महिना उजाडतो.

वजन कमी करायच्या औषधांवर थोडं. टिरझेपॅटाइडची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळतात, सेमाग्लुटाइडचीही. टिरझेपॅटाइडने पोट हळू रिकामं होतं आणि तोंडाने घेतलेली गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जात नाही. सुरुवातीचे ४ आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर ४ आठवडे सोबत निरोध वापरायचा, किंवा गोळीऐवजी तांबी. सेमाग्लुटाइडमध्ये शोषणाचा असा प्रश्न दिसत नाही, पण मूल हवं असेल तर ते किमान २ महिने आधी थांबवायचं. वजन कमी करायचं गॅस्ट्रिक बायपास हे ऑपरेशन झालेल्यांना तोंडाच्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. जठर लहान करायच्या स्लीव्हच्या ऑपरेशनात तशी अडचण सहसा मानली जात नाही. दोन्हींनंतर किमान वर्ष-दीड वर्ष दिवस राहू नयेत.

"आधी वजन कमी करा, मग गर्भनिरोधकाचं बघू" हा सल्ला मला म्हणूनच उलटा वाटतो. पीसीओडीत ५-७ किलो उतरलं की बंद पडलेलं बीज सुटायला लागतं. वर्षानुवर्षं दिवस राहिले नाहीत म्हणून बेफिकीर असलेली बाई नेमकी डाएट सुरू केल्यावर गरोदर राहते. वजन उतरवायला लागण्याच्या आधी गर्भनिरोधक हवं.

ऑपरेशन तुम्हाला नको आहे, तेव्हा त्यावर फार लिहीत नाही. पुढे कधी घरून दबाव आला तर एवढं लक्षात असू द्या: तुमच्या वजनात भूल देणं आणि दुर्बिणीने पोटात शिरणं दोन्ही जास्त जोखमीचं असतं, आधीच्या सिझरच्या चिकटण्या वेगळ्या. पुरुष नसबंदी जागेवर भूल देऊन, टाक्याविना, थोड्या मिनिटांत होते. फक्त पुढचे ३ महिने, वीर्य तपासून होईपर्यंत, दुसरं साधन वापरावं लागतं. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे आणि पुरुषांचं प्रमाण एक टक्काही नाही. याला वैद्यकीय कारण काही नाही.

दवाखान्यात जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. बीपी दोनदा मोजून घ्या, हिमोग्लोबिन, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, सोनोग्राफीत अस्तराची जाडी लिहून द्यायला सांगा. आणि "पाळीच्या पाचव्या दिवशी या, मग तांबी बसवू" असं सांगितलं तर विचारा की आजच का नाही. तुमची पाळी दोन महिने लांबते, तोपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. लघवीची तपासणी करून, आणि गोळ्या नियमित चालू असल्याने, दिवस नाहीत याची खात्री झाली की तांबी कोणत्याही दिवशी बसवता येते.